विकत घेतलेला सिनेमा जातो कुठे?

गणपतीत नेरूळला मावशीकडे होतो. आरती आटोपली, मोदक संपले आणि मावशीने नातवंडांना टीव्हीसमोर बसवलं. तिला त्यांना एक जुना मराठी सिनेमा दाखवायचा होता. दोन वर्षांपूर्वी टीव्हीतल्या सिनेमांच्या एका ॲपवर तिने तो पाहिलेला. या वेळी तिथेच नाव टाकलं तर भलतेच चार सिनेमे समोर आले. ‘अरे, वर्षाचे पैसे भरलेत मी. मग गेला कुठे तो?’

मुलं मोबाइलकडे वळली, मावशीचा प्रश्न तसाच राहिला. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओच्या वर्गणीदारांनाही जाहिराती दिसू लागल्या. तेव्हापासून ‘आपण नेमके कशाचे पैसे देतो?’ ही चर्चा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही ऐकू येते. उत्तर अवघड नाही, फक्त आधी थोडं घरांबद्दल बोलावं लागेल.

## लॉज, लिव्ह अँड लायसन्स आणि मालकीचा फ्लॅट

ठाण्यात राहणाऱ्याला हे तीन प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

ॲपची वर्गणी म्हणजे लॉज. खोली तयार, चादर धुतलेली. पण उद्या मालकाने एक मजला बंद केला तर आपण विचारणारे कोण? त्यातही गंमत अशी की लॉज चालवणाऱ्याची इमारतही बहुतेक वेळा स्वतःची नसते. निर्मात्याकडून ॲप सिनेमा ठरावीक मुदतीसाठी घेतं. मुदत संपली आणि नवा करार जमला नाही, की सिनेमा उतरतो. मावशीच्या सिनेमाचं बहुधा हेच झालं.

एकेका सिनेमाचं भाडं हा लॉजचाच छोटा भाऊ. यूट्यूबवर भाड्याने घेतलेला सिनेमा सुरू करायला साधारण ३० दिवस मिळतात. एकदा सुरू केला की बहुतेक वेळा ४८ तासांत संपवायचा. यात लपवाछपवी काही नाही, भाडं म्हणजे भाडं.

गोंधळ होतो तो ‘बाय’ या बटणापाशी. भाड्यापेक्षा तिप्पट-चौपट पैसे देऊन सिनेमा ‘विकत’ घेतला की तो आपला झाला असं वाटतं. प्रत्यक्षात हा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. लायसन्स हा शब्दही तोच, आणि अटी-शर्तींमध्ये तो लिहिलेलाही असतो. अकरा महिन्यांसारखी मुदत कागदावर दिसत नाही, म्हणून आपण त्याला मालकी समजतो. आणि सगळं भाडं पहिल्याच दिवशी दिलेलं असतं.

मालकीचा फ्लॅट म्हणजे डिस्क, किंवा जिला कोणाची परवानगी लागत नाही अशी स्वतःच्या हार्ड डिस्कवरची फाइल. फ्लॅट मालकीचा असला तरी गच्चीवर मजला चढवता येत नाही, तसंच इथेही आहे. घरात हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा पाहा. पण सिनेमाचे हक्क निर्मात्याचेच राहतात. प्रती काढून विकायला किंवा वाटायला तुम्ही मोकळे नाही.

## ‘उगाच घाबरवताय, विकत घेतलेलं कोण काढून घेतं?’

अल्ट्राव्हायोलेट नावाची एक सेवा होती. अमेरिकेतल्या बड्या स्टुडिओंचा पाठिंबा असलेलं सिनेमांचं हे डिजिटल कपाट २०११ मध्ये सुरू झालं आणि ३१ जुलै २०१९ रोजी बंद झालं. ज्यांनी वेळेत आपलं खातं दुसऱ्या दुकानाला जोडलं त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं, की डिस्कव्हरीचे तुम्ही विकत घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीला तुमच्या खात्यातून जातील. आरडाओरडा झाला, नवा करार झाला, निर्णय मागे घेतला गेला. कार्यक्रम राहिले, पण ते काढून घेता येतात हे सगळ्यांना कळलं.

कॅलिफोर्नियाने यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूपुढे ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. या कायद्यातली एक सूट मला फार आवडते. जी वस्तू ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. मालकीची याहून सोपी कसोटी मला सुचत नाही. वायफाय बंद करा. सिनेमा आज चालला, वर्षाने चालला, ॲप काढून टाकल्यावरही चालला, तर तो तुमचा.

## ‘पण मी डाउनलोड केलाय की!’

ॲपमधलं डाउनलोड म्हणजे लॉजच्या खोलीतली तिजोरी. वस्तू तुमच्या जवळ, किल्ली काउंटरवर. फाइलला डिजिटल कुलूप असतं, त्याला डीआरएम म्हणतात. ती फाइल त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर आणि मुदतीतच उघडते. यूट्यूब प्रीमियमवर उतरवलेले व्हिडिओ चालू ठेवायचे तर निदान ३० दिवसांतून एकदा नेट जोडावं लागतं. पेन ड्राइव्हवर घेऊन मावशीच्या टीव्हीला लावू म्हणाल, तर ते जमणार नाही.

आणि ‘क्लाउड’वर आहे म्हणजे कुठे आहे? ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे करत गेलात तर मोठमोठी डेटा सेंटर दिसतात. ढग म्हणतात तो हाच, सिमेंटचा, जनरेटर आणि एसीसकट. मावशीच्या घरापासून तो काही किलोमीटरवर आहे. तिचा सिनेमा त्यातल्या एखाद्या यंत्रात आजही पडलेला असेल. यंत्रं जवळ आली म्हणून परवानगी जवळ येत नाही.

## माळ्यावरची खोकी

कमी पैशांत संग्रह करायचा तर सुरुवात ॲपपासून नाही, माळ्यापासून करावी. मराठी घरांत २००० ते २०१२ या काळातल्या व्हीसीडी-डीव्हीडी हटकून सापडतात. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा किराणा दुकानातही सिनेमे लटकू लागले होते. त्या पिढीने ते भाजीसारखे घेतले आणि नंतर प्लेअर बिघडल्यावर खोक्यात भरून माळ्यावर टाकले. घरचं खोकं संपलं की नातेवाइकांची खोकी, मग रद्दीवाला. माझ्या संग्रहातला निम्मा भाग रद्दीवाल्याकडचा आहे. एका डिस्कला वीस ते साठ रुपये दिले, घासाघीस करून. ज्यांचं नाव कुठल्याही ॲपवर सापडत नाही, असे मराठी सिनेमे मला तिथेच मिळाले.

डिस्क घेताना उजेडात तिरकी धरून पाहा. बारीक ओरखडे चालतात. वर्तुळाकार खोल चरा, म्हणजे ट्रॅकच्या दिशेने गेलेला, वाईट. आपल्याकडे पावसाळ्याची मोठी देणगी म्हणजे बुरशी. पांढुरकी नक्षी दिसली तर कोमट पाणी आणि एक थेंब भांड्याचा साबण घ्या. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. पूर्ण वाळू द्या. मात्र बुरशी आतल्या थरात शिरली असेल तर ती डिस्क गेली.

बाहेरून मागवत असाल तर एक काळजी. डिस्कवर प्रदेशाचा क्रमांक असतो. भारताची डीव्हीडी विभाग ५ मध्ये येते, ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त मावणारी डिस्क) विभाग सी मध्ये. अमेरिकेतून भाच्याने प्रेमाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर गप्प बसू शकते.

डिस्क मिळाली की तिची प्रत संगणकावर घ्यायची. व्हीसीडीचं काम सोपं, तिला कुलूपच नसतं. डिस्क उघडा, ‘एमपीईजीएव्ही’ (MPEGAV) नावाच्या फोल्डरमधली डॅट (.DAT) फाइल उचला, झालं. डीव्हीडी आणि ब्लू-रेला बहुधा कुलूप असतं, आणि तिथे कायद्याचा प्रश्न येतो.

## कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण कॉपीराइट कायद्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. १९५७ च्या या कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला हक्कभंग मानत नाही. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ सांगतं, की हक्कभंग करण्याच्या हेतूने डिजिटल कुलूप फोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जोर ‘हेतू’ या शब्दावर आहे. विकत घेतलेल्या डिस्कची एक प्रत स्वतःच्या कपाटासाठी काढणं एक. ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं, किंवा प्रत ठेवून मूळ डिस्क विकून टाकणं अगदीच वेगळं. मी मूळ डिस्का फेकत नाही. जागा खातात, बायको बोलते, तरी ठेवतो.

आता टेलिग्राम. ‘सगळं फुकट मिळतं, तुम्ही कुठे धूळ खात बसलात’ हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. तो माल चोरीचा आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला आणि ते दाखवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते. दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. नीतीचं बाजूला ठेवलं तरी व्यवहार पाहा. अनोळखी लिंकवरून आलेल्या फाइलबरोबर काय काय येतं, हे बँकेचा ओटीपी गेल्यावरच कळतं. आणि मराठी सिनेमाची पदरमोड करून निघालेली निर्मिती पाहिली की हा फुकटेपणा मला तरी पचत नाही.

खरोखर फुकट आणि सचोटीचं हवं असेल, तर जुना काळ मोकळा आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा पहिला मराठी बोलपट, १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९५३ चा ‘श्यामची आई’ हे सगळे या मुदतीपलीकडचे आहेत. फक्त पटकथा आणि गाण्यांचे हक्क लेखक-कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वेगळे चालतात. घरी पाहणाऱ्याला त्याची फारशी झळ नाही, पण त्यातलं गाणं आपल्या व्हिडिओत वापरणाऱ्याने भान ठेवावं. इंटरनेट आर्काइव्हवर अशा जुन्या फाइली उतरवता येतात. मात्र तिथे कोणी ‘मुक्त’ असा शिक्का मारला म्हणून विश्वास ठेवू नका, प्रदर्शनाचं साल स्वतः मोजा.

## नळाची धार आणि जेवणाचा डबा

सिनेमाला किती जागा लागते? इथे लोक घाबरतात, कारण शब्द घाबरवणारे आहेत. दोनच कल्पना पुरतात.

पहिली धार. दर सेकंदाला किती माहिती वाहते त्याला बिटरेट म्हणतात. नळ जितका मोठा सोडाल तितकी बादली लवकर भरते. ५ मेगाबिटच्या धारेने दोन तासांचा सिनेमा साडेचार जीबी होतो. धार दुप्पट केली तर नऊ. ब्लू-रे डिस्कवर २५ किंवा ५० जीबी मावतात, म्हणजे धार चांगलीच मोठी, आणि म्हणूनच अंधारातला प्रसंगही तिथे काळ्या चौकटींच्या गोधडीसारखा दिसत नाही. जागा कमी करायची तर फाइल दाबून लहान करणारी पद्धत सुधारावी लागते. एच २६४ ही जुनी आणि सगळीकडे चालणारी. एच २६५ साधारण तेवढ्याच दर्जाला जवळपास निम्म्या जागेत बसवते, पण जुन्या टीव्हीला ती झेपेलच असं नाही.

दुसरी डबा. एमपी४, एमकेव्ही हे फक्त डबे आहेत. आत पोळी म्हणजे चित्र, भाजी म्हणजे आवाज, चटणी म्हणजे सबटायटल. टीव्ही ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा डबा उघडलेला असतो, आतली एखादी वस्तू त्याला चालत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, ही तक्रार त्यातलीच. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून एच २६४ चा साधा एमपी४ केला की शंभरातले पंच्याण्णव टीव्ही मुकाट जेवतात.

एक मोह टाळा. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम १ लाख ठिपके. डीव्हीडीचे ४ लाखांवर. फुल एचडीचे सुमारे २१ लाख. व्हीसीडीची फाइल कितीही मोठी करून एचडी म्हणून साठवली तरी नसलेले २० लाख ठिपके येणार नाहीत. ताक घुसळून पुन्हा लोणी निघत नाही. आहे तेवढ्याच आकाराची ठेवा.

## पैशांचं बोलू

माझा हिशोब असा. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह दीड हजार. २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क मला साडेपाच हजारांना पडली, दर वर-खाली होत असतात. सिनेमा लावायचं व्हीएलसी आणि वरचं हँडब्रेक, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. रद्दीतल्या पन्नास-साठ डिस्कांचे दोनेक हजार. पाच जीबीचा एक सिनेमा धरला तर २ टीबीत साडेतीनशेच्या वर सिनेमे बसतात. मी अजून शंभरावरही पोचलेलो नाही, त्यामुळे यापेक्षा मोठी डिस्क घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. संगणकाने २ टीबीच्या जागी १.८१ टीबी दाखवलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

सिनेमे भरण्याआधीच हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि लोक तासभर पेन ड्राइव्हलाच शिव्या घालत बसतात.

‘घरचा सर्व्हर’ करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर टाकलं की घरातल्या कुठल्याही पडद्यावर सिनेमा दिसतो, खरंच छान दिसतं. पण आधी महावितरणचं बिल आठवा. १५ वॉटचा लॅपटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ११ युनिट. ६० वॉटचा जुना डेस्कटॉप असेल तर ४३. बजेट हा मुद्दा असेल तर हार्ड डिस्क थेट टीव्हीच्या मागे खोचा आणि विषय संपवा.

आणि ‘बाय’ बटण कधीच दाबू नये का? नवा सिनेमा असेल, डिस्क निघालेलीच नसेल, तर दुसरा मार्ग नाही. समजा भाडं १०० आणि विकत ४००. तुम्ही तो चारपेक्षा जास्त वेळा पाहणार का, एवढंच स्वतःला विचारा. मी विचारतो आणि बहुतेक वेळा भाडं भरतो.

## हार्ड डिस्क मेली तर?

मरणारच, कधी एवढाच प्रश्न. म्हणून दुसरी प्रत ही चैन नाही. पहिल्या डिस्कबरोबर नसेल तर नसेल, पण पुढच्या बोनसला दुसरी घ्या आणि तिच्यावर तेच सगळं उतरवा. दुसरी त्याच कपाटात ठेवू नका. पाणी शिरलं किंवा चोर आला तर तो दोन्हींत भेद करणार नाही. माझी दुसरी डिस्क नेरूळला मावशीच्या लोखंडी कपाटात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह असते. सहा महिन्यांनी ट्रान्सहार्बर लोकलने जाऊन मी ती चालवून पाहतो, नवे सिनेमे भरतो आणि जेवून येतो. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं साठवण करू नका. ती वस्तू इकडून तिकडे न्यायची आहे, मुक्कामाची नाही.

डिस्कबरोबर एक कागदही ठेवा. कोणता सिनेमा, कुठून आला, मूळ डिस्क कुठल्या खोक्यात. ॲपवरची खरेदी एकाच्या खात्याला बांधलेली असते आणि बहुतेक अटींनुसार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कपाटातली वस्तू घरच्यांना मिळते, पण ती काय आहे हे त्यांना वाचता यायला हवं.

## ‘एवढं करून बघणार कोण?’

रास्त प्रश्न आहे. माझ्याकडच्या नव्वदेक सिनेमांपैकी निम्मे मी प्रत घेतल्यापासून एकदाही लावलेले नाहीत. सगळंच जपायचं ठरवलं तर ते व्यसन होतं, खर्चही वाढतो. जे यूट्यूबवर निर्मात्याच्याच चॅनेलवर आहे ते तिथेच पाहावं. जे पुन्हा पाहावंसं वाटतं आणि ज्याची कुठेच शाश्वती नाही, तेवढंच घरी आणावं.

मावशीचा सिनेमा शेवटी तिच्याच माळ्यावर सापडला, दोन व्हीसीडींचा संच. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीवर बुरशी होती, ती धुतली, तरी शेवटाकडची चारेक मिनिटं वाचता आली नाहीत. दिवाळीत पेन ड्राइव्हवर नेला. मोठ्या पडद्यावर चित्र फुटकंतुटकं दिसत होतं, मुलांनी पाच मिनिटं कुरकुर केली आणि मग गप्प बसून पाहिला. गायब मिनिटं आली तेव्हा मावशीने पुढे काय होतं ते तोंडी सांगून टाकलं, तेही चुकीचं, असं मावसोबांचं म्हणणं.

भांडण मिटवायला तोच संच मी आता दुसरीकडे शोधतोय. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याने ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून सांगितलंय. तिसऱ्यांदा.